पडद्यावरील द्वंद्वयुद्धें



गेल्या हिंवाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं मला एक दूरध्वनि आला. आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील बोलत होते. दसरा होतांच आपल्या वडवणी तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें ऊंसतोडीसाठीं घराबाहेर पडतात, हें तुम्हांस सांगावयास नको. त्यांपैकींच हें एक. आईबाप कारखान्याच्या फडावर आणि मुलगा गांवांत आजीपाशीं, अशी त्या घराची सहा महिन्यांची वांटणी असते. मुलाच्या मामानें पुण्याच्या जुन्या बाजारांतून टीव्हीला जोडावयाचें व्हिडिओ गेमचें यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात तें, त्याला आणून दिलें होतें. मुलगा रात्रीं उशिरापर्यंत त्यावर मारामारीचे खेळ खेळे आणि सकाळीं वर्गांत पेंगे. त्याच आठवड्यांत मधल्या सुट्टींत त्यानें एका सोबत्याला लाथ मारून पाडलें होतें, व तें वृत्त मींच घरीं कळविलें होतें. वडील म्हणाले, “सर, फोडून टाका ते डबडं! आम्ही इकडं कोयता चालवायचा अन् ह्यानं तिकडं रातभर गेम खेळायचा का?”

मी क्षणभर निरुत्तर झालों. त्या बापाचा संताप रास्त होता. परंतु ज्याला तो न्याय विचारीत होता तो न्यायाधीश स्वतःच आरोपीच्या बाजूचा होता, हें त्याला ठाऊक नव्हतें. कारण, वाचकहो, गेलीं तीस वर्षें मी या खेळांचा शौकीन आहें. शिक्षकानें असें कबूल करावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि ज्या गोष्टीची गोडी आपण स्वतः चाखली आहे, तिच्याविषयीं खरें बोलण्याचें ओझें आपल्यावर अधिक असतें. म्हणून हा लेख.

मी सहावी-सातवींत असतांना, म्हणजे १९९३ सालच्या सुमारास, वडवणीच्या बाजारपेठेंत एका गृहस्थानें आपल्या दुकानाच्या मागील खोलींत एक लहानसा टीव्ही व त्याला जोडलेलें एक यंत्र मांडलें होतें. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम नांवाच्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. आम्ही तिला नुसतें ‘टीव्ही गेम’ म्हणत असूं. खेळ ज्या चपट्या डबींत असे ती ‘कॅसेट’, आणि हातांत धरून ज्याचे खटके दाबावयाचे तो ‘रिमोट’. अर्ध्या तासाला दोन रुपये पडत. ‘कुंग-फू’ या खेळांत एक पांढऱ्या वेषांतला वीर एकामागून एक मजले चढत जाई व वाटेंत येणाऱ्यांस मुठी-लाथांनीं पाडी. ‘कॉन्ट्रा’ या खेळांत दोघे शिपाई बंदुका घेऊन धांवत. मीं एवढें तल्लीन होऊन दुसरें कांहींच कधीं पाहिलें नव्हतें.

माझी आई ज्वारीच्या डब्यांत रॉकेलसाठीं सुटे पैसे ठेवीत असे. त्यांतून मीं दोन-दोन रुपये असे सात-आठ वेळां उचलले. एके संध्याकाळीं तिनें रॉकेल आणावयास डबा उघडला, पैसे मोजले आणि पुन्हां मोजले. तिनें मला कांहीं विचारलें नाहीं कीं मारलें नाहीं. त्या रात्रीं भारनियमनामुळें वीज नव्हती, आणि आमच्या घरीं कंदीलही लागला नाहीं. अंधारांत जेवतांना ती इतकेंच म्हणाली, “माझ्याच मोजण्यात काही चुकलं असेल.” तो अंधार मला आजही आठवतो. मीं त्यानंतर पुष्कळ दिवस त्या खोलीकडे पाऊल टाकलें नाहीं, आणि सर्व दोष त्या खेळाचा आहे अशी मनाची समजूत करून घेतली. ती समजूत खोटी होती. चोरी खेळानें केली नव्हती, मीं केली होती. परंतु तो खेळ मला चोरीपर्यंत ओढूं शकला, हेंही तितकेंच खरें. या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा, हाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम या खेळांचा थोडा इतिहास पाहूं. घरच्या टीव्हीला जोडून खेळावयाचें पहिलें यंत्र अमेरिकेंत १९७२ सालीं विक्रीस आलें. त्याचें नांव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, आणि त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. पडद्यावर प्रकाशाचे कांहीं ठिपके व एक रेघ, एवढाच त्याचा सारा संसार होता. पुढें यंत्रांची शक्ति वाढली, ठिपक्यांस हातपाय फुटले, आणि हातपाय आले तेव्हां मारामारीही आली. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९८७ सालीं ‘स्ट्रीट फायटर’ व १९९१ सालीं त्याचा दुसरा भाग काढला. हा दुसरा भाग म्हणजे या शाखेचा मूलग्रंथच समजावा. त्यांत खेळणाऱ्यास आठ लढवय्यांतून एक निवडतां येई. खटके सहा होते: तीन मुठीचे व तीन लाथेचे. त्यांतही हलका, मध्यम व जोराचा असा भेद होता. हलका प्रहार लवकर बसतो, पण थोडा लागतो. जोराचा प्रहार उशिरा बसतो, पण पुष्कळ लागतो. वेग घ्यावा कीं जोर घ्यावा, हा निर्णय खेळणाऱ्यानें दर क्षणीं करावयाचा.

या खेळाची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याची तपासणी चालू असतांना निर्माते नोरिताका फुनामिझु यांस असें आढळलें कीं, एक प्रहार बसल्यावर अगदीं नेमक्या क्षणीं दुसरा केला तर समोरच्यास मध्यें अडविण्यास सवडच मिळत नाहीं. ही योजना कोणीं मुद्दाम केलेली नव्हती, तो एक आगंतुक दोष होता. परंतु त्यांनीं तो काढून टाकला नाहीं, गुप्त कसब म्हणून राहूं दिला. आज ज्याला ‘कॉम्बो’ म्हणतात, आणि ज्यावांचून अशा एकाही खेळाची कल्पना करवत नाहीं, तो या दोषांतून जन्मला. तसेंच ‘कॉन्ट्रा’मध्यें तीस प्राण मिळवून देणारी खटक्यांची जी सांकेतिक ओळ आम्ही पोरें मंत्रासारखी पाठ म्हणत असूं, तीही एका अडचणींतून निघाली. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोटो १९८६ सालीं ‘ग्रेडियस’ नांवाचा दुसरा एक खेळ तपासत होते. तो त्यांस स्वतःसच फार कठीण जाऊं लागला, म्हणून त्यांनीं आपल्या सोयीसाठीं ती युक्ति त्यांत घातली आणि ती तशीच राहून गेली. चुकीला घाबरून ती पुसण्यापूर्वीं तिच्याकडे एकदां नीट पाहावें, हा धडा मीं व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां या खेळांतून अधिक शिकलों.

आतां या खेळांच्या पोटांत काय चालतें तें पाहूं, कारण त्यांत तुमच्या गणिताचाच भाग आहे. पडद्यावरील हालचाल ही खरी हालचाल नसून एकामागून एक दाखविलेल्या स्थिर चित्रांची माळ असते. लढाईच्या खेळांत बहुधा सेकंदास ६० चित्रें दाखवितात. तेव्हां एका चित्रास, ज्याला खेळाडू ‘फ्रेम’ म्हणतात, एक हजार भागिले साठ, म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंद एवढा काळ मिळतो. प्रत्येक प्रहाराचे तीन भाग असतात. मूठ उगारण्याचा पहिला, ती लागूं शकते तो दुसरा, आणि हात परत घेण्याचा तिसरा. या तिसऱ्या भागांत मारणारा उघडा पडतो. जो प्रहार मोठा, त्याचा हा तिसरा भागही बहुधा मोठा. म्हणून जोराचा फटका हुकला तर शिक्षाही जोराचीच होते.

आतां मनुष्याचा डोळा पाहील, मेंदू समजेल आणि बोट खटका दाबील, या सर्वांस सुमारें पाव सेकंद लागतो. पाव सेकंद म्हणजे २५० मिलिसेकंद, अर्थात् सुमारें १५ फ्रेम. हलकी मूठ चार-पांच फ्रेममध्यें येऊन लागते. मग ती पाहून अडविणें कोणाही मनुष्यास शक्य आहे काय? मुळींच नाहीं. जो उत्तम खेळाडू असतो तो पाहून अडवीत नाहीं, ओळखून अडवितो. समोरचा काय करील हें तो त्याच्या आधींच्या वागण्यावरून ताडतो. याउलट जो प्रहार वीस-पंचवीस फ्रेम घेतो, तो सावध माणसाला पाहून अडवितां येतो. कोणता प्रहार पाहावयाचा आणि कोणता ताडावयाचा, या विवेकासच तेथें कौशल्य म्हणतात. नुसते खटके बडविणारा मुलगा पहिले चार दिवस जिंकतो, आणि पांचव्या दिवशीं मोजणारा मुलगा त्याला हरवितो.

शिवाय या खेळांत ‘दगड, कागद, कात्री’ ही आपली जुनी युक्ति लपलेली आहे. प्रहाराला बचाव अडवितो, बचाव करून बसलेल्यास पकड उचलून आपटते, आणि पकडावयास येणाऱ्यास प्रहार आधीं गांठतो. एकही डाव सर्वांवर मात करणारा नाहीं. आपल्या तालमींतील वस्ताद तरी दुसरें काय शिकवितात? धोबीपछाड, ढाक, कलाजंग, एकलंगी, एकेका डावाची जशी रीत तशी त्याची तोडही शिकवावी लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्यें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें व्यक्तिगत खेळांतील तें पहिलें ऑलिंपिक पदक. लहान चणीच्या या मल्लाचें बळ डावांच्या चपळाईंत होतें. मात्र येथें एक भेद विसरूं नये. खाशाबांच्या अंगीं माती लागली होती. पडद्यावरच्या मल्लाला खेळवून आपल्या दंडाची बेटकुळी वाढत नाहीं. डोळा, बोट आणि बुद्धि यांस व्यायाम घडतो, बाकीचें शरीर खाटेवरच बसून राहतें.

आतां माझीं वैयक्तिक मतें सांगतों, आणि तीं एका शौकिनाचीं आहेत हें लक्षांत ठेवून वाचावीं. माझ्या मतें या जातीचे खेळ दोन प्रकारचे आहेत: कौशल्याचे आणि किळसेचे. पहिल्याचा नमुना ‘स्ट्रीट फायटर’ आणि दुसऱ्याचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’. हा दुसरा खेळ एड बून व जॉन टोबायस यांनीं १९९२ सालीं अमेरिकेंत केला. त्यांत खऱ्या नटांचीं छायाचित्रें घेऊन लढवय्ये बनविले होते, आणि हरलेल्याचा शेवटीं भीषण रीतीनें वध करण्याची सोय होती. त्यावर एवढें काहूर उठलें कीं, १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या सेनेटमध्यें चौकशी झाली, व १९९४ सालीं खेळांवर वयाचें चिन्ह छापणारें मंडळ स्थापन झालें. मीं हा खेळ खेळला आहे. त्याचें तंत्र वाईट नाहीं. परंतु पडलेल्यास पुन्हां मारण्यांत खेळाची बुद्धि लागत नाहीं, फक्त पाहणाऱ्याची जीभ चटावते. आपल्या आखाड्यांत पाठ लागली कीं कुस्ती संपली, आणि जिंकलेला हरलेल्यास हात देऊन उठवितो. ज्या खेळाला हा हात ठाऊक नाहीं तो माझ्या लेखीं अपुराच आहे.

‘टेकन’ हा जपानच्या नामको कंपनीचा १९९४ सालचा खेळ मला पुढें आवडूं लागला. त्यांत दोन हात व दोन पाय यांस एकेक खटका दिला आहे. त्यामुळें नवशिक्या मुलालाही आपण आपलेंच शरीर हालवीत आहोंत असें वाटतें. ‘स्ट्रीट फायटर’विषयीं मात्र माझी एक जुनी तक्रार आहे. त्यांत आपल्या देशाचा म्हणून धालसीम नांवाचा एक योगी आहे. त्याच्या गळ्यांत कवट्यांची माळ, हातपाय रबराप्रमाणें लांब होणारे, तोंडांतून ज्वाला निघणाऱ्या. लहानपणीं आपल्याकडचा कोणीतरी आहे म्हणून आम्हांस अभिमान वाटे. पुढें विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं, परक्यानें दुरून पाहिलेला भारत असाच दिसतो. एवढें मात्र खरें कीं, कथेमध्यें तो स्वतःसाठीं नव्हे, आपल्या गरीब गांवाला पैसे मिळावेत म्हणून लढतो. हें वाचल्यावर माझा राग थोडा निवळला, कारण गांवासाठीं परमुलखांत राबणारीं माणसें आमच्या वडवणीस नवीं नाहींत.

ही तक्रार दूर करणारा एक खेळ आपल्याच महाराष्ट्रांत तयार झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ केला. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणी मागून पाहिली, पण ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तरीही काम न सोडतां त्यांनीं तो पुरा केला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्यें तो निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इतर कन्सोलांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षींच्या ‘गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादींत त्याची निवड झाली होती. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर. राखीपौर्णिमेच्या दिवशीं असुर तिच्या लहान भावास, गोलूस, पळवून नेतात, व ती त्रिशूळ, धनुष्य, ढालतलवार घेऊन त्याच्या शोधांत निघते. खांबाला गरका घेऊन, भिंतीवरून उडी मारून ती लढते. कथा सांगण्यास बाहुल्यांच्या सांवल्यांचा उपयोग केला आहे. दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून गोष्ट पुढें जाते. मी ख्रिस्ती आहें, परंतु ज्या मातींत वाढलों तिच्या कथा मला परक्या नाहींत. मला तर तो खेळ खेळतांना गोफण घेऊन राक्षसापुढें उभा राहणारा दावीद आठवला. दोष सांगावयाचे तर लढाया पुढें पुढें सारख्याच वाटूं लागतात, आणि खेळ फार लवकर व अर्ध्यावर सोडल्यासारखा संपतो. तरीही पडलेल्याला पुन्हां मारण्यासाठीं नव्हे, हरवलेल्याला शोधण्यासाठीं मारावें लागतें, हा त्यांतला भाव मला मोलाचा वाटला.

या खेळांच्या सामन्यांतही मनुष्याच्या धैर्याचीं उदाहरणें सांपडतात. अमेरिकेंत दर वर्षीं ‘इव्हो’ नांवाची मोठी स्पर्धा भरते. २००४ सालीं तेथें जपानच्या दाइगो उमेहारा याच्या लढवय्याचे प्राण जवळजवळ संपले होते, एवढे कीं समोरच्याचा प्रहार नुसता अडविला असता तरीही तो हरला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगनें पंधरा लाथांची माळ सोडली. दाइगोनें प्रत्येक लाथ नेमक्या क्षणीं परतविली व तो डाव जिंकला. मात्र त्या वर्षींची अंतिम फेरी तो हरला, हेंही सांगितलें पाहिजे. लाहोरच्या आर्केडांत खेळून तयार झालेला अर्सलान ॲश २०१९ या एकाच वर्षीं जपान व अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या इव्होमध्यें ‘टेकन’चा विजेता ठरला. आणि २०२३ सालीं चीनमधील हांगझो येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत ‘स्ट्रीट फायटर’चें सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यानें मिळविलें तेव्हां त्याचें वय ४४ वर्षांचें होतें. आपल्या देशाचेही दोन खेळाडू त्या सामन्यांत उतरले होते. मीही आज चव्वेचाळीस वर्षांचा आहें. मुलांकडून रोज हरणाऱ्या मला त्या बातमीनें थोडा धीर दिला.

परंतु प्रत्येक मुलाला पदक मिळत नाहीं, आणि पदकाचें नांव सांगून रात्रभर जागणाऱ्या मुलाला मी पाठीशीं घालणार नाहीं. म्हणून आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, या खेळांमुळें मुलें हिंसक होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मंडळानें २०२० सालीं आपलें मत पुन्हां तपासून असें सांगितलें कीं, खऱ्या हिंसाचाराचा दोष या खेळांवर ठेवण्यास पुरेसा पुरावा नाहीं. मात्र ओरडणें, ढकलणें अशा आक्रमक वर्तनाशीं त्यांचा लहानसा संबंध दिसतो. आमच्या त्या मुलाची लाथ या दुसऱ्या प्रकारांत बसते, हें पालकांनीं व मींही मान्य केलें पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यसनाचा. तो अधिक खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत, जी २०२२ च्या आरंभीं अंमलांत आली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, खेळापुढें इतर सर्व गोष्टी तुच्छ वाटणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणें. हें सामान्यतः वर्षभर चाललें तर तो विकार समजावा, असें ती म्हणते. प्रत्येक खेळणारा मुलगा रोगी नव्हे, परंतु ज्याच्यांत हीं तिन्ही दिसतील त्याला रागवून नव्हे, वैद्याकडे नेऊन बरें करावें लागतें. तिसरा धोका पैशांचा. जो खेळ बक्षिसाच्या आशेनें तुमच्याकडून पैसे लाववितो तो खेळ नव्हे, जुगार होय. आपल्या संसदेनें २०२५ सालीं केलेल्या कायद्यानें अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांस मनाई केली आणि इ-स्पोर्टस् यांस मात्र मान्यता दिली. हा भेद प्रत्येक घरानें नीट समजून घ्यावा.

आतां त्या मुलाकडे येतों. वडिलांच्या दूरध्वनीनंतर मी त्याच्या घरीं गेलों. आजी म्हणाली, “मला त्यातलं काय कळतंय, पण पोरगं घरात असतंय एवढं खरं.” तिच्या त्या एका वाक्यांत त्या घराची सारी कहाणी होती. मी मुलाशेजारीं बसलों आणि ‘मला शिकव’ म्हणालों. जो वर्गांत सतराचा पाढा म्हणतांना खालीं पाहतो, तो मला कोणती लाथ किती फ्रेमची हें घडाघडा सांगूं लागला. मीं त्याला हजार भागिले साठ करावयास लावलें. त्यानें भागाकार केला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “म्हणजे सर, हलकी मूठ बघून अडवताच येत नाही. आधी ओळखावं लागतं.” मीं विचारलें, “आणि मोठी लाथ मारली म्हणजे?” “मारणारा उघडा पडतो.” मग मीं विचारलें, “मधल्या सुट्टीत तू लाथ मारलीस, तेव्हा उघडं कोण पडलं?” तो बोलला नाहीं. पडद्यावरचा गडी खटका दाबतांच उठतो. शाळेंतल्या त्या मुलाच्या कोपरास आठ दिवस पट्टी होती.

त्या दिवशीं मीं त्याला ज्वारीच्या डब्याची गोष्ट सांगितली. ती मीं आजवर माझ्या आईशिवाय कोणासही सांगितली नव्हती. आईला तरी केव्हां सांगितली? माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशीं. पैसे तिच्या हातावर ठेवून मीं कबुली दिली, तेव्हां ती म्हणाली, “मोजायला येतं मला. तू कधी सांगतोस ते बघत होते.”

आम्ही तिघांनीं ठराव केला. यंत्राची वीजतार आजीच्या पेटींत राहील. शनिवारीं व रविवारीं एकेक तास ती बाहेर निघेल, आणि परीक्षेच्या आठवड्यांत निघणार नाहीं. मुलगा तो ठराव सदैव पाळतो असें मी म्हणणार नाहीं. एकदां त्यानें आजीला फसवून तार काढली व दुसऱ्या दिवशीं स्वतःच येऊन सांगितलें. परंतु ज्याला त्यानें पाडलें होतें त्या सोबत्याला त्यानें एका रविवारीं घरीं खेळावयास बोलावलें, आणि पहिल्याच दिवशीं त्याच्याकडून हरला. वडिलांस मीं कळविलें, “यंत्र फोडलें नाहीं, पोरगा आतां मोजून खेळतो.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “आम्ही मोळ्या मोजतो, त्यानं तास मोजावे. चालंल.”

पालकहो, माझें मागणें थोडें आहे. यंत्र फोडण्यापूर्वीं एकदां त्याच्यापुढें मुलाशेजारीं बसा. वेष्टनावरचें वयाचें चिन्ह पाहा. अमेरिकेच्या मंडळाच्या चिन्हांत ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढील व ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपुढील मुलांसाठीं. खेळाची वेळ भिंतीवर लिहा आणि झोपेची वेळ कधीं विकूं नका. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, जो खेळ तुमच्याकडून घरच्यांपासून लपविण्याजोगें कांहीं करवितो, तो कितीही सुंदर असो, त्या क्षणीं तुम्ही खेळत नसून तो तुम्हांस खेळवीत असतो. फ्रेम मोजावयास शिका, तास मोजावयास शिका. आणि कधीं हिशेब चुकला तर आईनें डबा उघडण्यापूर्वीं तिला जाऊन सांगा. ती बहुधा वाटच पाहत असते.